चारशे पत्रिका

"छापू की नको? एकदाचं काय ते सांगा," बाबा म्हणाले. त्यांचं बोट मशीनच्या हिरव्या बटणापाशी तासभर घुटमळत होतं.

बाबांचा छापखाना घराच्या खालीच. अख्ख्या गावाच्या लग्नपत्रिका त्यांनी वेळेवर छापल्या, पण स्वतःच्या लेकीची पत्रिका चार दिवस मशीनवर अडकून पडली होती. चारशे कार्डं कापून तयार, शाई तयार, ताईच्या लग्नाची तारीखही पक्की. घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. त्याच तारखेला परदेशात आशिया खंडाच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी होती, आणि ताईचा धाकटा भाऊ राष्ट्रीय संघाच्या शिबिरातून कालच परतला होता. पंधरा जणांतून बारा निवडायचे होते. सगळ्या सोळा देशांचे संघ आज चार वाजता जाहीर होणार होते.

भावाला सगळे शिडी म्हणायचे. उंची सहा फूट सात इंच. घरातले बल्ब तोच बदलायचा, तेही स्टुलाशिवाय.

"थोडंच थांबा ना, बाबा," ताई म्हणाली. चार दिवस तिचं हेच पालुपद चालू होतं.

"भावावर जीव बघा किती!" आत्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसून शेंगदाणे खात होती. "काळजीनं वाळून चाललीये पोर."

"काळजीनं कसली? पळून पळून," आई म्हणाली. "रोज सकाळी पाच किलोमीटर! लग्नाचे कपडे शिवून झालेत, आता ते अंगावर थांबणार कसे? आणि पासपोर्ट बघा कसा घाईघाईनं करून घेतला. लग्नाआधीच फिरायला जायची तयारी!"

ताई नुसती हसली.

ती शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी मोठमोठ्या बास्केटबॉल सामन्यांना पंच म्हणून जायची. घरातही तिचंच राज्य. शिडीने अंगणात चेंडू हातात धरून एक पाऊल जास्त टाकलं, की वरच्या खिडकीतून आरोळी आलीच, "स्टेप्स! दे चेंडू इकडे!"

"सख्ख्या भावाला तरी सोड गं," शिडी कुरकुरायचा.

"सख्ख्याला तर मुळीच नाही."

इतक्यात ताईचा फोन वाजला. होणारा नवरा. ती कटिंग मशीनच्या मागे गेली. आत्याचं शेंगदाणे खाणं ताबडतोब थांबलं.

"नाही रे, अजून यादी नाही आली," ताई हळू आवाजात म्हणाली. "नाव आलं तर ठरल्याप्रमाणे. तुझ्या घरी तू सांगायचंस, मी नाही हं."

"काय गं ठरलंय?" ती परत येताच आत्याने विचारलं.

"काही नाही."

शिडीच्या मात्र लगेच लक्षात आलं. "ताई, माझ्यासाठी तारीखबिरीख हलवायची नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

चार वाजले. बाबांनी छापखान्याच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. चाळीस पानं! आपला देश नवव्या पानावर. बाबांचं बोट प्रूफ तपासल्यासारखं एकेका नावावरून खाली सरकू लागलं. पाच. आठ. दहा. शिडीने डोळे मिटून घेतले होते.

अकराव्या ओळीवर बोट थांबलं.

"आडनाव बरोबर छापलंय," बाबा एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

शिडीने अशी उडी मारली की ट्यूबलाइटच डोक्याला लागली. आत्याने शेंगदाणे उधळले. आई एकदम हसायलाही लागली आणि रडायलाही. ताईने त्याच्या पाठीत दणकन धपाटा घातला. "लंबू माझा! आलास की नाही बारा जणांत!"

मग आईचं लक्ष कापून ठेवलेल्या कार्डांकडे गेलं.

"आणि लग्न?" आई म्हणाली.

"पुढचे आठ महिने हॉल मिळत नाही," बाबा म्हणाले. "विचारून आलोय मी."

"सख्ख्या भावाशिवाय कसलं आलंय लग्न?" आत्या पुटपुटली.

शिडीने एकदा स्क्रीनकडे पाहिलं. स्वतःच्या नावाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला.

"मी नाही जात."

"वेडा झालास का रे?" बाबा ओरडले.

"स्पर्धा दर चार वर्षांनी येते, बाबा. ताई काय दर चार वर्षांनी लग्न करणारे?" आवाज त्याने अगदी सरळ ठेवला होता, पण कान लालबुंद झाले होते. "प्रशिक्षकांना कळवून टाकतो. राखीव खेळाडू तयारच असतात."

आईने पदर डोळ्यांना लावला. बाबांनी टाचा उंचावून त्याच्या खांद्यावर थोपटलं. मग ते मशीनपाशी गेले आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं. मशीन धडधडलं. पहिली पत्रिका ट्रेमध्ये येऊन पडली.

ताईचं लक्षच नव्हतं. ती कॉम्प्युटरसमोर बसून भराभर पानं पुढे सरकवत होती. वीस, तीस, पस्तीस.

"अगं, दुसऱ्या देशांचे संघ काय बघत बसलीस?" आत्या कडाडली. "इकडे तुझा भाऊ तुझ्यासाठी काय सोडतोय ते बघ!"

ताईने शेवटचं पान वाचलं. परत एकदा वाचलं. मग ताडकन उठून तिने शिडीच्या हातातला फोन हिसकावला, आणि दुसऱ्या हाताने मशीनचं लाल बटण दाबलं.

"कुणाला काही कळवायचं नाही," ती म्हणाली. "त्या तारखेला लग्न नाहीये."

"माझ्यासाठी तारीख हलवायची नाही म्हटलं ना तुला!"

"तुझ्यासाठी कोण हलवतंय?" ताईने स्क्रीन सगळ्यांकडे वळवली. शेवटच्या पानावर स्पर्धेच्या पंचांची यादी होती, आणि तिसऱ्या ओळीत खुद्द नवरीचं नाव.