सहीची जागा

"फॉर्म सापडला तर अजूनही होईल," राजेंद्र सरांनी कप खाली ठेवला. "फक्त त्याची सही हवी. आणि तारीख तो जायच्या आधीची."

यशोधराला क्षणभर काही कळेना. बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत आलेल्या प्रत्येकाने कसं झालं तेच विचारलं होतं. अजून काही होईल, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

राजेंद्र सर बाबांचे वर्गमित्र. पुढे ते दिल्लीला गेले आणि आता सामाजिक शास्त्रांच्या राष्ट्रीय अकादमीत समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले होते. बाबा अंबरनाथला राहिले आणि जन्मभर उल्हासनगरच्या कॉलेजात शिकवत राहिले.

"पण तुम्ही बाबांना कधी घेतलंच नाही," ती म्हणाली. हे वाक्य या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरइतकं जुनं होतं.

"घेतलं नाही?" सर तिच्याकडे बघतच राहिले. "तीनदा निवडलाय त्याला. दोन सदस्यांनी नाव सुचवायचं, विभागाने मतं द्यायची, कार्यकारिणीने मान्य करायचं. तिन्ही वेळा सगळं झालं. मग निवडलेल्याने संमतीपत्र पाठवायचं असतं, ते आल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. कैलासचं एकदाही आलं नाही. आम्हाला वाटलं, साहेबांना आता अकादमी लहान वाटते. शेवटचा फॉर्म दिवाळीआधी पाठवला. त्याची मुदत मार्चअखेरपर्यंत आहे."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर काही नाही. सदस्य नसलेल्याचा मृत्युलेख अकादमी छापत नाही, नियम आहे. त्याच्या अभ्यासाचा खंड मात्र छापते. तिसरी आवृत्ती निघतेय."

शिवमंदिरात जाऊन तासाभरात येतो, म्हणून सर उठले.

यशोधराने बाबांचं कपाट उघडलं. ती कागद उपसत राहिली आणि आई, बकुळाबाई, दारात बसून गवार मोडत राहिली. खालच्या खणात खंडाची जुनी प्रत होती. जीन्सचे धागे कापणाऱ्या उल्हासनगरच्या बायका, घरोघर जाऊन भरलेले सत्तावीसशे फॉर्म, एकवीस वर्षांचं काम. पहिल्या पानावर बाबांचं नाव. प्रस्तावनेत शेवटी एक ओळ होती, 'घरच्यांनी सहकार्य केले.' लहानपणी तिने आईला त्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात बसलेली पाहिली होती, पेनाचं टोपण दातात धरून. आई बाबांचे कागद नीट लावून ठेवते, असं तिला वाटायचं.

प्रतीखाली तिन्ही संमतीपत्रं होती. बाबांच्या बारीक अक्षरात पूर्ण भरलेली. शेवटच्यावर तारीखही होती, भाऊबीजेची. सहीची जागा तिन्हींवर कोरी.

सहीच्या वर छापलेला मजकूर तिने मोठ्याने वाचला. "वरील अभ्यासासाठी केलेले क्षेत्रकार्य सर्वस्वी माझे स्वतःचे आहे, असे मी प्रतिज्ञेवर जाहीर करतो."

आईचे हात थांबले.

"आई, हे कुणाचं काम होतं?"

"कुणाचं म्हणजे? दुपारच्या वेळी घरात एकट्या बायका. परका पुरुष दारात दिसला की कडी घालायच्या. तुझे बाबा पहिल्या आठवड्यात तीन फॉर्म भरून आले, तेही वाण्यांचे. ते बाद झाले." आई जराशी हसली. "मग मी जायला लागले. त्या बायकांसोबत धागे कापायला बसलं की बोलायच्या. नवऱ्याला नाही ते मला सांगायच्या."

"मग तुझं नाव कुठेच कसं नाही?"

"मी सातवी पास. अकादमीचं काम, नेमणूक त्यांची. पुढच्या आवृत्तीत घालू म्हणाले."

"दुसरी आवृत्ती निघाली, आई."

"माहितेय मला. वाचता येतं."

यशोधरा कोऱ्या जागेकडे बघत राहिली. सोळा दिवस ती ज्या माणसासाठी रडत होती, त्याला तीन वेळा खोटं लिहवलं नव्हतं. याचा तिला अभिमान वाटणार होता, तेवढ्यात आई म्हणाली, "सही करताना तीनदा हात अडला त्यांचा. माझं नाव लिहायला एकदाही उचलला नाही."

गवारीची परात बाजूला सारून ती उठली. पदराला हात पुसले आणि टेबलावरचं बाबांचं पेन घेतलं.

"दे इकडे."

"आई, खोटं आहे हे."

"काय खोटं आहे? मजकूर, की सही?"

आईने चष्मा लावला आणि एका दमात सही केली. टपोरी, 'कै'च्या मात्रांना गोल वळण दिलेली, खाली दोन रेघा. बाबांच्या पासबुकावरची सही यशोधराने शंभरदा पाहिली होती, ती घाईतली, अर्धवट. ही तशी नव्हती. ही हाताला सवय असल्यासारखी आली होती.

आई पुन्हा दारात जाऊन गवार मोडायला बसली.

सर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर भस्म होतं. यशोधराने फॉर्म पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला. सहीवरून नजर फिरवली.

सरांचे डोळे भरून आले होते.

"हीच," ते म्हणाले. "खंड छापायच्या आधी एकेक फॉर्म मी स्वतः तपासलाय, बाळ. सत्तावीसशेच्या सत्तावीसशे फॉर्मांखाली हीच सही आहे."