दोन अंशांचा फरक

तारेचं टोक माजघरात पोचलं तेव्हा ललिता स्टूल धरून उभी होती. महिपती गुरुजींनी स्टुलावर चढून मीटर खिळ्याला अडकवलं, तारा जोडल्या. काचेमागचा काटा थरथरला आणि सव्वीसवर थांबला.

"झालं बाय," आनंदीबाई चुलीपासून म्हणाल्या. "आता सुनेला अंगणाबाहेर पाय टाकायला नको."

गुरुजींना बरं वाटलं. पोरीची पावसातली खेप वाचली, असं त्यांना वाटलं.

घरामागच्या चढावर जुना गोठा होता. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी तिथे चार खांबांवर झडपांची पांढरी पेटी उभारली. पेटीत पाऱ्याचा तापमापक होता. त्याच्या शेजारी मण्याएवढा एक तुकडा होता, मुलाने मुंबईहून आणलेला. त्याची तार गोठ्यातल्या मीटरला जाई आणि हवा तापली की काटा पुढे सरके. गुरुजींचे गुडघे गेले तेव्हापासून आठला, दोनला आणि सहाला ललिता वर जाई, काटा पाही, वहीत लिही. त्याखेरीज तिला बाहेर पडायला कारण नव्हतं. विहीर परसात होती. नवऱ्याला मुंबईत खोली मिळाली नव्हती. आणि लग्नातल्या मानपानावरून दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद होतं. ते आनंदीबाईंनी बंद केलं होतं आणि गुरुजी गप्प बसले होते. एकतीस वर्षं वर्गात बोललेला हा माणूस घरात वाक्य सुरू करी आणि आपलंच चुकत असेल म्हणून सोडून देई.

आठवड्यापूर्वी आनंदीबाई म्हणाल्या, तार लांबवा, मीटर घरात आणा. गुरुजींनी दोनशे फूट तार आणवली, बांबू रोवले, सांध्यांना मेण लावलं.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते स्वतः वर गेले. पारा अठ्ठावीसवर होता. घरातला काटा सव्वीस दाखवत होता. त्यांना नवल वाटलं नाही. तार लांबली की तिचाच अडथळा वाढतो, काटा मागे राहतो. उपाय सोपा होता. काचेखाली एक पितळी स्क्रू होता. तो जरासा फिरवला की काटा जागेवर आला असता.

घरी येऊन त्यांनी छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला. आधी जुने आकडे पडताळावेत म्हणून वही उघडली. त्र्याऐंशी सालची, निळ्या पुठ्ठ्याची. शेऱ्याच्या रकान्यात ललिताचं बारीक अक्षर होतं. 'ऊन. गाडी वेळेवर.' 'धुकं. गाडी दिसली नाही.' 'पाऊस. गाडी दहा मिनिटं उशिरा. हात दिसला.' सकाळी आठच्या प्रत्येक नोंदीपुढे गाडी होती.

गोठ्यापासून खालचा हमरस्ता दिसतो. आठच्या सुमारास पोलादपूरहून महाडकडे जाणारी एस.टी. तिथून जाते. गुरुजींना आठवलं, ललिताचा भाऊ कुशाबा त्याच गाडीवर कंडक्टर होता.

तार घरात आल्यापासून शेऱ्याचा रकाना कोरा होता.

स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी खिशात टाकला. जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले की तार लांबल्यामुळे काटा खोटं दाखवतोय. खरा पारा बघायला कुणीतरी वर जायला हवं. रोज. तीनदा.

ललिताचा हात वाढता वाढता थांबला.

"कितीनं खोटं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"दोन अंशांनी."

"रोज दोनच ना? मग दोन मिळवून लिव्हायचं. त्यात वर कशाला जायला हवं?"

हिशेबात चूक नव्हती. गुरुजींनी तोंड उघडलं आणि भाताचा घास घेतला.

तीन दिवस ललिता माजघरात उभी राहून दोन मिळवत राहिली. आठ वाजता लांबून गाडीचा हॉर्न येई. ती काट्याकडे बघत असे.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी म्हणाले, एकदा पडताळून बघितलेलं बरं. आनंदीबाई हसल्या.

"जा गो, बघून ये. दोनच असतील. म्हणजे यांच्या जिवाला सुख."

ललिता वर गेली. अर्ध्या तासाने धापा टाकत परत आली. तिने वहीत बघून सांगितलं, फरक तीन. दुसऱ्या दिवशी एक. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन. आनंदीबाईंनी मीटरकडे डोळे बारीक करून बघितलं. सांध्यांना ओल लागत असेल, असं गुरुजी म्हणाले आणि लगेच चष्मा पुसायला लागले.

"दोनशे फूट तार घातली नि पोरीची खेप काय चुकली नाय," आनंदीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवलंत, पण एक काटा काय तुम्हाला सरळ करता येत नाय." मग सुनेला म्हणाल्या, "जा. डोक्यावर इरलं घे."

गुरुजींनी मान खाली घातली. ललिता वर जाऊ लागल्यापासून ती वहीत पाराच लिहीत होती. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता.

आठवड्यानंतरची गोष्ट. आनंदीबाई परसात होत्या. ललिता रोजच्यापेक्षा लवकर चहा घेऊन माजघरात आली. गुरुजी स्टुलावर उभे होते, नाक काचेला टेकवून. तिला बघताच त्यांनी हातातलं काहीतरी मुठीत लपवलं. त्यांचे कान लाल झाले.

ललिताने चहा खाली ठेवला आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "काल फरक दोन होता. आज तीन ठेवा."