रिकाम्या हाताने

समोरून धाकलू बैल घेऊन येताना दिसला, तशी दिपिकाने पदराआडचं टमरेल जरा पुढे धरलं. धाकलूने रीतीप्रमाणे मान वळवली, बैलाला उगाचच हाक मारली आणि तो निघून गेला. टमरेल घेऊन निघालेल्या बाईकडे टोकावड्याच्या वाटेवर कुणी बघत नाही, बोलणं तर दूरच. दिपिकाने पाय उचलले.

ती गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई. घरात संडास होता, तोही फरशी बसवलेला. टमरेलात पाण्याचा थेंब नव्हता. ती चालायला निघाली होती, निव्वळ चालायला, आणि त्याची तिला चोरी केल्यासारखी लाज वाटत होती.

मुरबाडच्या डॉक्टरांनी तिच्या रक्तातली साखर बघून रोज भराभर चालायला सांगितलं होतं. उपकेंद्रात येणाऱ्या बायकांना ती स्वतः हेच सांगायची. सांगायला काय जातं? सकाळी प्रज्वलचा डबा, अक्षदाच्या वेण्या, सासूबाईंचा चहा, नवरा जगन कंपनीच्या बसला पळाला की उपकेंद्र. पूर्वी पाड्यांवर पायी जावं लागे, आता जीप येत होती. संध्याकाळी पुन्हा चूल-भांडी. उरली ती पहाट. तिच्या आईचा पाय साखरेपायी गुडघ्याखाली कापावा लागला होता. आपल्या मुलांवर तसं बघायची वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या दिवशी ती रिकाम्या हाताने निघाली, तिथेच चुकलं. बाईजाने कोण वारलं म्हणून विचारलं. पुढे विठू भेटला, तो तर समजूत घालत तिच्याबरोबर माघारी फिरला. भांडणं सगळ्यांच्याच घरात होतात, माणसाने जिवावर उठू नये, असं त्याचं म्हणणं. पहाटे भराभर चालणारी मोकळ्या हातांची बाई एक तर माहेरी निघालेली असते नाहीतर विहिरीकडे, याबद्दल गावाला शंका नव्हती. व्यायामाला चालते म्हणावं, तर हिला घरात कामं नाहीत म्हणून हसले असते. दुसऱ्या दिवशी दिपिकाने टमरेल उचललं आणि सगळे प्रश्न मिटले.

मिटले म्हणजे, लाज तेवढी उरली. कारण गावातलं टमरेल बंद करायचा विडा तिनेच उचलला होता. बायकांना जमवून शपथ तिने दिली होती. गुड मॉर्निंग पथक सुरू झालं तेव्हा उघड्यावर जाताना सापडेल त्याला चावडीपुढे झेंडूचा हार घालायची कल्पना तिची. आणि तो हार आधी सापडलेल्याने पुढच्याला घालायचा, म्हणजे दोघांनाही शरम राहील, ही पुस्तीही तिचीच. सरपंच धाऊंना ती कल्पना भारी आवडली होती.

पहिला हार सकुबाईला पडला. सकुबाई घाटरस्त्यावरच्या ढाब्यात दिवसभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची आणि त्यावर मुलाला मुरबाडला शिकवायची. तिच्याआधी कुणी सापडलं नव्हतं, म्हणून तो हार दिपिकानेच घातला. घरात संडास असून ही तऱ्हा, तुम्हांला कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी, असं ती सगळ्यांदेखत बोलली होती. सकुबाई मान खाली घालून उभी राहिली. त्यानंतर ती पहाटेची कुणाला दिसली नाही. पथकाने हा आपला पहिला विजय मानला.

पथक कुठल्या दिवशी कुठे जाणार ते दिपिकाला आधी कळायचं, आणि ती नेमकी दुसरी वाट धरायची. आज मात्र धाऊंनी कुणाला न सांगता बेत बदलला होता.

ती परत येत होती. रस्त्याखालच्या मोरीआडून शिट्टी वाजली आणि चार माणसं रस्त्यावर आली. तिला ओळखताच धाऊंच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"नर्सबाई, तुमी?"

ग्रामसेवक दुसरीकडे बघू लागला. दिपिकाने टमरेल उलटं करून दाखवलं, पण परतीच्या वाटेवर टमरेल रिकामंच असतं. धाऊ बिचारे कानकोंडे झाले. सोडून द्यावं तर गाव तोंडात शेण घालेल, असं काहीतरी पुटपुटत ते चावडीकडे चालू लागले.

दिवस वर येईपर्यंत सगळं गाव जमलं. जगनची बस चुकली होती. तो मागे, चपलेकडे बघत उभा होता. शपथ घेतलेल्या बायका पदराआड कुजबुजत होत्या. उद्यापासून यांच्या पोरांना सुई टोचायला बोलावलं तर कोण ऐकणार? हसले तर हसोत, खरं काय ते सांगून टाकायचं, असं दिपिकाने ठरवलं.

सकुबाईनंतर कुणी सापडलं नव्हतं, म्हणून ढाब्यावरून तिलाच बोलावून आणलं होतं. तिच्या हातांना पीठ तसंच होतं. ग्रामसेवकाने तिच्याकडे हार दिला. ती दिपिकासमोर आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हसू तर नव्हतंच. दिपिकाला वाटलं, दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दिपिकाने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात सकुबाईने हार तिच्या गळ्यात घातला आणि तो सारखा करता करता तिच्या कानाशी वाकली.

"बोलू नका, बाय. कोन मानत नाय, वर हसतात. तुमी उपकेंद्रात सांगितलं तवापासून मी पन चालायलाच जात होते."