वहबींचा पेपर

"गोदामाचा प्रश्न तिसरा. दरवर्षी तिसराच," वहीवर टिचकी मारत रबाब म्हणाली. "चौदा वर्षांत एकदाही जागचा हललेला नाही."

तिची मैत्रीण इंजी हिने वही आपल्याकडे ओढली. डॉक्टर वहबींनी काढलेले ऑडिटचे चौदा वर्षांचे पेपर रबाबने त्यात उतरवले होते आणि शेजारी लाल शाईने त्यांच्या खोड्या लिहिल्या होत्या. क्षुल्लक चूक मोठी करून दाखवायची, ही एक. गोदामात मालाची मोजणी चालू असताना एक भरलेला ट्रक मुकाट गेटवर उभा करून ठेवायचा, म्हणजे त्यातला माल मोजायचा की नाही यात मुलं फसतील, ही दुसरी. त्या ट्रकनेच रबाबला दोनदा आडवं केलं होतं. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाचे बाकीचे सगळे विषय सुटले होते, हा एक तेवढा अडकला होता. यंदाची खेप तिसरी आणि शेवटची. ही हुकली की नाव कटणार, पदवी नाही आणि कैरोच्या ऑडिट फर्मने तिच्यासाठी राखून ठेवलेली खुर्चीही नाही.

"आणि पुस्तक कधी वाचणार?" इंजीने विचारलं.

"पुस्तक वाचून दोनदा आपटले. या वेळी मी वहबी पाठ केलेत."

"त्यापेक्षा त्यांची भाची होऊन जन्माला यायचंस! माझ्या बहिणीच्या वर्गात होती ना त्यांची भाची. नात्यातलं कुणी परीक्षेला बसलं की पेपर काढायचा नाही, तपासायचाही नाही, असा नियम आहे. इतर लोक नातं गुपचूप लपवतात, पण या गृहस्थाने स्वतः जाऊन लिहून दिलं. दुसऱ्याने सोपा पेपर काढला आणि अख्खा वर्ग पास."

रबाबची आई नवाल चहाचे पेले घेऊन आली होती. तिने ते टेबलावर ठेवले, पुदिन्याची पानं टाकली आणि द्राक्षाच्या पानांत भात भरायला पुन्हा आत गेली.

"आता त्यांचं कोण असणार?" रबाब म्हणाली. "बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. आणि मला दुसऱ्याचा पेपर हवाय कुणाला? मला वहबीच पाहिजेत."

नवालला विधवा होऊन नऊ वर्षं झाली होती. लेकीसाठी काही करायचं म्हटलं की तिला धीर धरवत नसे. हिवाळ्यात तर ती भरल्या पानांचं पातेलं घेऊन थेट वहबींच्या कॉलेजातल्या खोलीवर गेली. त्यांनी ते शिपायाबरोबर परत पाठवलं, सोबत चिठ्ठी: परीक्षार्थींच्या घरचं काही घेत नाही.

"अब्रू घालवलीस माझी!" रबाब कडाडली.

"मग काय झालं? माणूस सरळ आहे एवढं तर कळलं," नवाल म्हणाली. "जाऊन माफी मागून येते."

माफी मागून ती बऱ्याच उशिराने परतली. पुढच्या आठवड्यात पातेल्याचं झाकण तिथेच राहिलंय म्हणून ती पुन्हा गेली. त्यानंतरही गेली. एका पातेल्याला झाकणं असतात तरी किती, हे विचारायला रबाबला सवड नव्हती.

वसंतात जेवणातलं तिखट कमी झालं.

"आई, हे काय? मिरची संपली का?"

"पोटाला सोसत नाही," नवाल म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "वहबी यंदा तुला नापास करूच शकणार नाहीत. माझा शब्द आहे."

"ते मलाही माहीत आहे," रबाब हसली. तिच्या मनात भीतीचा लवलेश नव्हता. उलट उद्याची सकाळ कधी होते असं तिला झालं होतं. "तू फक्त काही करू नकोस. माझं मी बघते."

"मी काय करणार?" म्हणत नवाल भांडी विसळायला लागली.

सकाळी रबाबने पोटभर फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, आणि पाव खाल्ला, दोन पेनं घेतली आणि आपल्या आसनक्रमांकावर जाऊन ऐटीत बसली. पेपर हातात आल्यावर तिने आधी तिसरा प्रश्न काढला.

गोदाम नव्हतं. कुठल्या तरी ऑडिट कायद्याची सात कलमं क्रमाने मागितली होती.

तिने पान उलटलं, परत मागे आली. एकही खोडी ओळखीची नव्हती.

"गडबड नको," पर्यवेक्षक म्हणाले. "डॉक्टर वहबींनी यंदा पेपर काढलेला नाही. त्यांच्या नात्यातलं कुणीतरी परीक्षेला बसलंय."

मागच्या रांगेत कुणीतरी आनंदाने बाक वाजवला. रबाबने मान वळवून एकेक चेहरा न्याहाळला. त्या नातेवाइकाचं थोबाड तिला एकदा बघायचं होतं.

पाच प्रश्नांपैकी दोन तिने लिहिले. उरलेल्यांत पुस्तकातलं होतं आणि पुस्तक तिने वर्षभर उघडलं नव्हतं. घंटा झाली तेव्हा तिने मनाशी मार्कांची बेरीज केली. कितीही ताणली तरी ती पासापर्यंत पोचत नव्हती.

फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत नवाल उभी होती. अंगात नवा मोरपंखी झगा, बोटात अंगठी. तिच्याशेजारी पातेलं सांभाळत डॉक्टर वहबी उभे होते.

"झाला ना सोपा?" नवालने लेकीला मिठीच मारली. "पंधरा दिवसांपूर्वी काझीने निकाहनाम्यावर आमची नावं लिहिली. तुझा अभ्यास मोडायला नको म्हणून पोटात ठेवलं बघ! माणूस मला आवडला होताच गं, पण तुझीही नड होती, म्हणून परीक्षेपर्यंत थांबले नाही."

रबाबने आधी आईच्या बोटातली अंगठी पाहिली, मग वहबींच्या हातातलं पातेलं.

"नियमच आहे, बेटा. दुसऱ्याच दिवशी लिहून द्यावं लागलं," वहबी संकोचून म्हणाले. "वाईट एवढंच वाटलं, की माझा पेपर लिहून तयार होता. तिसऱ्या प्रश्नात ट्रकसुद्धा गेटवर आणून उभा केला होता."