वस्तादाचा गंडा

सुज्ञ वाचकहो, निजामाच्या अमलात साखरा गावी एका तेलघाण्यावर जे रक्त सांडले, त्याचा वृत्तांत मी यथामती निवेदन करीत आहे. मन घट्ट करून तो वाचावा, ही नम्र विनंती.

थावराच्या निखळलेल्या खांद्यावर युसूफने कोमट करडईचे तेल ओतले आणि एकाच हिसक्यात हाड जागेवर बसविले. थावरा गुरासारखा ओरडला.

"वरड बाबा, पोटभर वरड," युसूफ म्हणाला. "हितं वरडल्याबद्दल कोनी मारत न्हाई."

जवळा बाजारच्या तालमीत मात्र ओरडणाऱ्याच्या पाठीत संतराम वस्तादाची काठी पुन्हा बसत असे. तेथून मोडून निघालेले मल्ल युसूफच्या घाण्यावर आसरा घेत. प्रेमसिंगाचा गुडघा वस्तादाने मुद्गलाने फोडला होता. वसमतकडचा कोवळा नासेर तर त्याच्या माराने कुस्तीच्या हौदातील लाल मातीतच गतप्राण झाला. मयत धुणाऱ्याने बाहेर येऊन सांगितले की, मनगट मोकळे आहे, गंडा नाही. लोक म्हणाले, अल्लानेच सोडविला.

कारण गंडा म्हणजे शपथ. वस्तादाने स्वहस्ते बांधलेला हा काळा-तांबडा दोरा ज्याच्या मनगटावर, त्याने वस्तादावर हात उगारू नये, आणि तो सोडण्याचा अधिकारही वस्तादाचाच. थावराच्या हाती गंडा होता, प्रेमसिंगाच्या होता. युसूफच्या जाड मनगटावरही होता. आखूड पडल्याने त्यास पांढऱ्या सुताचा जोड दिलेला होता.

"चाचा, तुमी वस्तादाकडं कव्हा होते?" थावराने विचारले.

"लई मागं."

"डाव कोन्ता शिकले?"

"तेल चोळायचा," युसूफ म्हणाला. प्रेमसिंग खो खो हसला.

ते हसू ओठांवरच विरले. दारात संतराम उभा होता, हाती काठी घेऊन.

"ऊठ रे थावऱ्या. दसऱ्याचा कुस्त्यांचा फड आला. तुझ्या जोडीवर मी शब्द दिलाय."

"खांदा उखडलाय, वस्ताद. पुन्हा उतरलो तर हात जाईल."

"जाऊ दे की. दुसरा हाय न्हवं?"

काठी नेमकी त्याच खांद्यावर पडली. थावरा मातीत लोळला. प्रेमसिंग हात जोडून मध्ये आला, तेव्हा त्याच्या फुटक्या गुडघ्यावर असा फटका बसला की तो भिंतीला धरून खाली घसरला. थावराने दोन्ही डोळे मिटले. कोणाचाही हात उठणार नव्हता, हे त्याला ठाऊक होते.

युसूफ पुढे झाला. "वस्ताद, लेकराला सोडा."

संतरामने त्याचे तोंड न्याहाळले, ओळख पटेना. मग नजर मनगटावर गेली आणि तो हसला.

"तू बी माझाच व्हय? इतक्यांना गंडे बांधले, थोबाडं कुठं ध्यानात ऱ्हातेत!"

त्याने युसूफच्या मुस्काटात दिली. ओठ फाटला. युसूफने मान खाली घातली. संतरामने काठी भिंतीला टेकवली, निर्धास्तपणे पाठ फिरवली आणि थावराला केसांना धरून ओढू लागला.

तोच घाण्याजवळची लोखंडी पहार त्याच्या कोपरावर उतरली. हाड फुटल्याचा आवाज थावराने स्पष्ट ऐकला. दुसरा घाव गुडघ्यावर, तिसरा बरगडीवर. ज्या संतरामपुढे पंचक्रोशीतील पैलवान थरथर कापत, तो पेंडीच्या ढिगात कोसळून रक्त ओकू लागला.

युसूफने पहार त्याच्या डोक्यावर उचलली.

"चाचा, काहून असं करून राहिले!" थावरा किंचाळला. "तुमच्या हातात गंडा हाय! शपथ मोडली तुमी!"

संतरामही पुटपुटला, "गंडा... माझा गंडा हाय तुझ्या हातात..."

युसूफने पहार एका हाती तोलली. दुसरे मनगट तोंडाशी नेऊन पांढऱ्या सुताचा जोड दातांनी तोडला आणि तो दोरा वस्तादाच्या छातीवर टाकला.

"मला तू कवाच बांधला न्हाई, संतराम. ह्यो नासेरचा हाय. माझ्या धाकट्या भावाची मयत मीच धुतली."

वाचकांनी येथवर साथ दिली, त्यांचा मी ऋणी आहे.
सटवाजी कावरखे, मुक्काम साखरा