चौदा चित्रांतली आजी

बालचित्रपुस्तकाचा पुरस्कार देताना परीक्षकबाई माइकवर म्हणाल्या, “हळूहळू सगळं विसरत चाललेली आजी या चित्रकारानं एकाही शब्दाविना दाखवली!”

चित्रकार बुचकळ्यात पडला. गोष्ट तर आजीच्या हरवलेल्या मांजराची होती; विसरण्याचा त्यात मागमूसही नव्हता. बाईंची नक्कीच दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाशी गल्लत झाली असणार. त्यानं घाईघाईनं पानं उलटली. पहिल्या चित्रात आजीच्या स्वेटरची बटणं नीट होती. पाचव्यात एक बटण भलत्याच काजात होतं. नवव्यात दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला. चौदाव्यात तर अख्खा स्वेटरच उलटा, शिवण बाहेर.

“कसं सुचलं हो तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“सुचलं कुठलं?” तो चाचरला. “माणूस समोर बसल्याशिवाय मला काढताच येत नाही. दर रविवारी आईला बसवायचो. दिसलं तसं काढलं, एक सुरकुतीसुद्धा सोडली नाही.”

पुन्हा टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत आईही वाजवत होती, सगळे थांबल्यावरही. तिच्या स्वेटरची शिवण बाहेर होती. सकाळी त्यानंच तिला हाताला धरून गाडीत बसवलं होतं.