दुसरा पेला

सैनिकांची हातानं लिहिलेली पत्रं वाळवीच्या तोंडी जाऊ द्यायची नाहीत, असं कळंबच्या निवृत्त शिक्षिका साधनाताईंनी ठरवलं आणि त्या एकट्याच गावोगाव फिरू लागल्या.

मुकुटबनला त्यांच्यापुढे पाण्याचे दोन पेले आले. महागावलाही दोनच. "अहो, मी एकटीच आली ना," असं त्या म्हणाल्या की घरचे ओशाळायचे.

पत्रांतही एक गोष्ट सारखी होती. कुणी बासष्टच्या बर्फातून लिहिलेलं, कुणी एकाहत्तरला ढाक्याची शरणागती डोळ्यांनी पाहून. शेवटची ओळ मात्र तीच: 'आपल्याकडचा एक माणूस गावी निघाला आहे, त्याच्या हाती पत्र देतो. त्याला पाणी द्या.'

तो माणूस कुणीच पाहिला नव्हता. पत्र सकाळी उंबऱ्यावर सापडायचं.

दुसरं कुणी असतं तर तिथंच थांबलं असतं. ताई यादीतल्या शेवटच्या घरी गेल्याच.

त्या साली कापसाला भाव नव्हता, म्हणून सत्यभामाबाईंच्या घरात तो आढ्यापर्यंत पडून होता. ताई त्यालाच टेकून बसल्या. म्हातारीनं भावाचं पत्र काढून दिलं आणि पाणी आणलं. या वेळी एकच पेला. ताईंना हायसं वाटलं, त्यांनी हात पुढे केला.

म्हातारीनं पेला त्यांच्या शेजारी, मोकळ्या जागेपुढे ठेवला.

"तुमाले मंग आनतो, बाई. आधी याले पेऊ द्या. लय दुरून आला हा."

शेजारचा कापूस, कुणी पाठ टेकावी तसा, हळूहळू दबत गेला.